मनहॉलचे घर, कोथरूडचा फ्लॅट आणि करबिलातला जुना आकडा

सप्रेम नमस्कार,

आपण पिट्सबर्ग शहरात दरमहा १,६५० डॉलर भाड्याने राहता आणि एच-१बी व्हिसावर रुग्णालयात ९५,००० डॉलर पगाराची नोकरी करता. मोनोंगहेला नदीपलीकडच्या मनहॉलमध्ये १,९०,००० डॉलरला मिळणारे शंभर वर्षांचे विटांचे घर घ्यावे का, आणि त्यासाठी ४६,००० डॉलरची सगळी शिल्लक व कोथरूडचा भाड्याने दिलेला फ्लॅट विकून येणारे पैसे घालावेत का, असे आपण विचारले आहे. घर घ्यायला माझी हरकत नाही. फ्लॅट विकायला आहे.

"या पैशांत कोथरूडात टू बीएचके येतो, इथे अंगणासकट अख्खे घर येते," असे आपण लिहिले आहे. ते खरे आहे, पण घर स्वस्त का आहे हेही पाहायला हवे. मनहॉलपर्यंत पसरलेला होमस्टेडचा पोलाद कारखाना १९८६ साली बंद पडला आणि आज त्या जागी दुकानांच्या रांगा व काही जुनी धुराडी उभी आहेत. पिट्सबर्ग आणि मनहॉल ज्या ॲलेगेनी काउंटीत (जिल्ह्यासारखा विभाग) येतात, तिची लोकसंख्या १९६० च्या जनगणनेत सोळा लाखांवर होती, ती २०२० मध्ये साडेबारा लाखांवर आली. अधिक माणसांसाठी बांधलेली घरे कमी माणसांत विकायची असतात, तिथे पुण्यासारखी भाववाढ गृहीत धरू नये. नोकऱ्यांचे म्हणाल, तर आता भार रुग्णालये आणि विद्यापीठांवर आहे आणि आपली नोकरी त्याच बाजूची आहे. जवळच्या ब्रॅडॉक व क्लेअरटनचे पोलाद उद्योग अजून चालू आहेत आणि ते चालवणारी यूएस स्टील कंपनी २०२५ च्या जूनमध्ये जपानच्या निप्पॉन स्टीलकडे गेली, तरी त्या भरवशावर घराचा हिशेब मांडू नये.

आता कराकडे येतो, कारण आपल्या हिशेबात खरी चूक तिथे आहे. जाहिरातीत दाखवलेला वर्षाचा २,३२० डॉलर मालमत्ता कर सध्याच्या मालकाचा आहे, आपला नाही. या काउंटीत घरांचे करमूल्य अजून २०१२ च्या किमतींवर धरतात आणि या घराचे ते ५८,००० आहे. मात्र विक्री झाली की शाळा जिल्हा (शाळांसाठी कर घेणारी स्थानिक संस्था) नव्या किमतीचा आधार घेऊन करमूल्य वाढवण्यासाठी अपील करू शकतो, आणि इथले लोक त्यालाच 'न्यूकमर टॅक्स' म्हणतात. अपिलात विक्रीच्या किमतीला जे प्रमाण लावतात ते हल्ली निम्म्याच्या आसपास असल्याने करमूल्य ९५,००० आणि सध्याच्याच दराने कर ३,८०० धरून चालावे. शिवाय काउंटीने आपल्या वाट्याचा दर २०२५ साली ४.७३ वरून ६.४३ मिल केला (एक मिल म्हणजे करमूल्याच्या दर हजार डॉलरला एक डॉलर). म्हणून शाळा, बरो (मनहॉलसारख्या छोट्या गावाची नगरपालिका) आणि काउंटी या तिघांची चालू वर्षाची बिले मागवून घ्या. मागच्या वर्षांची उपयोगाची नाहीत.

दुसरीकडे, आपल्या लक्षात न आलेला एक फायदाही आहे. शहराचा रहिवासी म्हणून आपल्या पगारातून तीन टक्के स्थानिक कर जातो. शहराबाहेरच्या बहुतेक बरोंमध्ये तो एक टक्का असतो. मनहॉलचा दर खात्रीने विचारून घ्यावा, पण तो तेवढाच निघाला तर वर्षाला १,९०० डॉलर वाचतील आणि वाढलेला मालमत्ता कर त्यातच भागेल.

आपण पाठवलेल्या छायाचित्रांत तळघरात, कसलाही आडोसा नसलेले एक कमोड दिसते. इथे त्याला 'पिट्सबर्ग पॉटी' म्हणतात. कारखान्यातून काजळी माखून आलेला कामगार तिथेच स्वच्छ होऊन वर जाई, असे सांगतात. मला मात्र ते पाहून सांडपाण्याच्या नळाची आठवण झाली, कारण एवढ्या जुन्या घरांत तो बहुधा मातीच्या खापराचा असतो, झाडांच्या मुळांनी फुटतो आणि रस्त्यापर्यंत खोदून बदलायचा तर हजारो डॉलर लागतात. नळात कॅमेरा घालून तपासणी केल्याशिवाय करार पक्का करू नका. घराखाली कोळशाची जुनी खाण आहे का, हे राज्याच्या पर्यावरण खात्याच्या नकाशावर पाहता येते. असल्यास त्याच खात्याचा जमीन खचण्याचा विमा घ्या, कारण नेहमीच्या गृहविम्यात ते नुकसान येत नाही.

साडेसहा टक्के व्याज आणि तीस वर्षांची मुदत धरून, दहा टक्के रक्कम आधी भरली, तर १,७१,००० च्या कर्जाचा हप्ता सुमारे १,०८० डॉलर येतो. कर, गृहविमा आणि कर्जविमा धरून १,५९०, डागडुजीसह १,७५०. स्थानिक करात होणारी बचत वजा केली तर हे जवळपास आजच्या भाड्याएवढेच झाले. खरेदीखर्च धरूनही आपल्याकडे वीसेक हजार डॉलर उरतील, आणि तेच आपल्याला हवे आहेत. नोकरी गेली तर एच-१बीवर जेमतेम साठ दिवसांची मुदत मिळते, आणि एवढ्या घाईत हे घर विकले जाईल असे मला वाटत नाही. त्या दिवसांत घरात अडकलेले भांडवल कामाचे नाही, बँकेतली रोकड कामाची आहे.

कोथरूडचा फ्लॅट विकल्यास, आपण अनिवासी असल्याने खरेदीदाराला मोठी करकपात करावी लागेल, आणि कमी कपातीचा दाखला आधी काढला नाही तर ती नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर होईल. भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, निर्देशांकाची सवलत (महागाईनुसार मूळ खरेदीकिंमत वाढवून धरण्याची) आपल्याला मिळणार नाही, आणि अमेरिकेच्या विवरणपत्रातही तो व्यवहार दाखवावा लागेल. परतायची वेळ आली तर डोक्यावर छप्परही तेच आहे. तेव्हा फ्लॅट राहू द्या, आणि नळाच्या तपासणीचा अहवाल आला की तो मला पाठवा. किमतीत किती सूट मागायची ते तेव्हा ठरवू.