रॅम मोकळी असूनही एमलॉकऑल 'कॅनॉट ॲलोकेट मेमरी' का म्हणतं?

तुमचा प्रश्न असा: लिनक्सवर आवाज रेकॉर्ड करणारा छोटा सी प्रोग्राम लिहिलाय, आवाज मध्येच तुटतो म्हणून एमलॉकऑल (प्रोग्रामची सगळी मेमरी रॅममध्येच धरून ठेवायला सांगणारा कॉल) लावलं, तर ते 'कॅनॉट ॲलोकेट मेमरी' म्हणतं. फ्री कमांड मात्र दोन जीबी मोकळी दाखवते. मग स्वॅपच (रॅममधली मेमरी हलवून ठेवायची डिस्कवरची जागा) बंद करून टाकू का?

तो संदेश फसवा आहे. रॅम शिल्लक आहे, ती लॉक करायची तुमची मुभा संपलीय. टर्मिनलवर 'युलिमिट -एल' चालवून बघा. आकडा किलोबाइटमध्ये येतो. जुन्या कर्नलवर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) साध्या युजरला सहसा 64 मिळायचे, 5.16 पासून मूळ मर्यादा 8192 झाली, म्हणजे 8 एमबी. तुमचा प्रोग्राम छोटा असला तरी सहसा 8 एमबीत बसत नाही. तो का, ते सांगतो.

मी कणकवलीजवळ राहतो, डबलबारी भजनांचं रेकॉर्डिंग करतो. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, त्यात फिरती हार्ड डिस्क. एकदा गजर ऐन भरात असताना आवाज तुटला. दुसऱ्या दिवशी बुवांनी ऐकलं आणि विचारलं, "पखवाजाचे दोन घाव खंय गेले रे?" ते घाव शोधताना मी हा सगळा विषय शिकलो.

गणपतीच्या दिवसांत एसटी स्टँडवर बस लागते तेव्हा काय होतं ते आठवा. खिडकीतून रुमाल टाकला की जागा 'धरली', बसलेलं अजून कुणी नाही. मॅलॉक, म्हणजे मेमरी मागणारं सी फंक्शन, हा तो रुमाल. कर्नल पत्ता देतं, खरी रॅम देत नाही. त्या पत्त्यावर तुम्ही पहिल्यांदा काही लिहिता तेव्हा पेज फॉल्ट होतो आणि 4096 बाइटांचं एक पान खरोखर मिळतं. पुढे गर्दी वाढली तर कर्नल तुमचं पान उठवून स्वॅपमध्ये पाठवू शकतं. एमलॉक म्हणजे पानं आत्ताच्या आत्ता बसवणं, आणि त्यांना बसमधून कुणी उतरवणार नाही अशी हमी. जागा मात्र बदलू शकते. कंडक्टर जसा "जरा मागे सरका" म्हणतो, तसं कर्नल मोठी सलग जागा करायला लॉक केलेलं पानही रॅममध्येच इकडून तिकडे हलवतं. एमलॉकची हमी रॅममध्ये असण्यापुरतीच असते, त्याच ठिकाणी असण्याची नसते.

आता तुमची चूक. एमलॉकऑलला 'एमसीएल_करंट' (आत्ता आहे ते सगळं लॉक कर) दिलं की कर्नल मर्यादेशी तुलना करतं ती प्रोसेसच्या एकूण आभासी आकाराची. म्हणजे मोजणी रुमालांची, बसलेल्या माणसांची नाही. सी लायब्ररी, ऑडिओ लायब्ररी, सगळं त्यात धरलं जातं. शिवाय प्रत्येक थ्रेडचा (प्रोग्राममधल्या समांतर चालणाऱ्या कामाचा) स्टॅक, म्हणजे त्याची कामापुरती मेमरी, सहसा 8 एमबीचा असतो. दोन थ्रेड केले की 16 एमबी तिथेच गेले. 'एमसीएल_फ्युचर'ही (पुढे येईल तेही लॉक कर) दिलं असेल तर आणखी गंमत: मर्यादा ओलांडली की पुढचं मॅलॉक अपयशी ठरतं, नाहीतर मर्यादा वाढवलेली असली तर नव्या थ्रेडचा अख्खा स्टॅक खऱ्या रॅममध्ये येऊन बसतो, वापरा किंवा वापरू नका. 'एमसीएल_ऑनफॉल्ट' हा पर्याय 4.4 पासून आहे. त्यात पान हात लागल्यावरच लॉक होतं, त्यामुळे रॅम वाचते. पण मर्यादेचा हिशेब त्यानेही रुमालांवरच होतो, म्हणून तुमची अडचण त्याने सुटणार नाही.

मर्यादा वाढवायची असेल तर स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये घाला आणि लिमिट्सच्या फाइलमध्ये त्या ग्रुपला मेमलॉक (हीच लॉकची मर्यादा) वाढवून द्या. नंतर लॉग आउट करून परत लॉग इन करा. हे न करता माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय. प्रोग्राम सिस्टिमडीची (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारी व्यवस्था) सर्व्हिस म्हणून चालवत असाल तर ती फाइल तिथे लागू होत नाही. सर्व्हिसच्या फाइलमध्येच 'लिमिटमेमलॉक' लिहावं लागतं.

आता स्वॅप बंद करण्याबद्दल. करू नका, निदान यासाठी तरी नको. स्वॅपमध्ये जातात ती तुमच्या डेटाची पानं. प्रोग्रामच्या कोडची पानं स्वॅपमध्ये जातच नाहीत. मूळ फाइल डिस्कवर असतेच, म्हणून गर्दीत कर्नल ती सरळ टाकून देतं आणि लागली की परत वाचतं. स्वॅप बंद केलं की कर्नलला डेटा कुठे हलवता येत नाही, मग ते कोडच्या पानांवर जास्त तुटून पडतं. माझे घाव असेच गेले असावेत: स्वॅप बंद होतं, आणि क्वचितच चालणारा एक फांदीवजा भाग, फाइल बदलण्याचा, नेमका गजरात चालला. 48000 हर्ट्झला 256 फ्रेमचा बफर म्हणजे जेमतेम 5.3 मिलिसेकंद. फिरत्या डिस्कवरून एक पान आणायला 10 मिलिसेकंद सहज लागतात.

तुमच्या जागी मी असतो तर एमलॉकऑल काढून टाकलं असतं आणि फक्त रिंग बफरवर (आलेला आवाज तात्पुरता ठेवायची, गोल फिरून पुन्हा वापरली जाणारी जागा) एमलॉक लावलं असतं. दोन चॅनल, 32 बिट, 48000 हर्ट्झ: सेकंदाला 3,84,000 बाइट. दहा सेकंदांचा बफर धरला तरी 38,40,000, म्हणजे 8 एमबीच्या निम्म्याहूनही कमी, 5.16 नंतरच्या कर्नलवर मर्यादेला हात लावायचीच गरज नाही. डिस्कवर लिहिण्याचं काम वेगळ्या थ्रेडला द्या. तो खुशाल अडखळू दे, त्याच्यासाठी दहा सेकंद आहेत. आवाज घेणाऱ्या कॉलबॅकमध्ये (आवाज आला की दरवेळी चालणाऱ्या फंक्शनमध्ये) मॅलॉक नको, प्रिंटएफ नको, फाइल उघडणं तर नकोच. तो कोड दर पाच मिलिसेकंदांनी चालतो, त्यामुळे त्याची पानं तशीही ताजी राहतात; धोका असतो तो महिन्यातून एकदा चालणाऱ्या ओळींचा.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा: लॉक एकावर एक चढत नाहीत. एकाच पानावर दोनदा एमलॉक केलं आणि एकदा एमअनलॉक (लॉक काढणं), तरी पान सुटतं. दोन छोटे बफर शेजारी शेजारी एकाच पानात पडले आणि त्यातला एक तुम्ही सोडलात, तर दुसऱ्याचंही लॉक गेलंच. म्हणून बफर पानाच्या सीमेवरूनच सुरू करा, पॉझिक्स_मेमअलाइनने घेतलात की झालं. मग बदल खरंच लागला का ते प्रॉकमधल्या स्टेटस फाइलमध्ये 'व्हीएमएलसीके'च्या (लॉक केलेली मेमरी) ओळीत दिसेल. तिथे शून्य असेल तर एमलॉकने परत दिलेली किंमत तुम्ही तपासलेली नाही.