ऑफिसमधला मेंटॉर आणि स्पॉन्सर यांत फरक काय? बढतीसाठी स्पॉन्सरचा खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि बऱ्याचदा मेंटॉरपेक्षा जास्त. मेंटॉर म्हणजे सल्ला देणारा, तो तुमच्याशी बोलतो; स्पॉन्सर म्हणजे तुमची बाजू मांडणारा वरिष्ठ, तो तुमच्याविषयी बोलतो, तेही तुम्ही नसलेल्या खोलीत. बढती, पगारवाढ, मोठा प्रोजेक्ट कुणाला द्यायचा हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं. तुमचं काम कितीही चोख असलं तरी त्या बैठकीत तुमचं नाव कुणी काढलंच नाही, तर ते काम मुकंच राहतं.

स्पॉन्सर आपली पत तुमच्यासाठी पणाला लावतो. इस्रोचंच बघा. एसएलव्ही-३ या रॉकेटच्या प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम. ऑगस्ट १९७९ मधलं पहिलं उड्डाण फसलं, तेव्हा अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले आणि जबाबदारी अंगावर घेतली. जुलै १९८० मध्ये यश आलं, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केलं. एकदा फसलेल्या माणसाला दुसरी संधी मिळणं, ही वरच्याचा भक्कम आधार असल्याशिवाय अवघड गोष्ट.

आता, ‘सर, माझे स्पॉन्सर व्हाल का?’ असं विचारून कुणी होत नाही. (विचारून बघितलंय, समोरचा चहा ढवळत बसतो.) वरिष्ठांचं अडलेलं एखादं काम अंगावर घ्या, वेळेत तडीस न्या, आणि पुढे कुठलं पद हवंय ते त्यांना स्पष्ट सांगा. हे सांगायला आपण उगाच लाजतो. आणि एकाच साहेबावर सगळी भिस्त नको. त्यांनी नोकरी बदलली की तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.