सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते

प्रश्न : काका, माझी जुनी डिझेल पिकअप आहे, पहाटे चोइथराम मंडीत कांदा घेऊन जायचं असतं आणि ही बाई सात-आठ सेल्फ खाल्ल्याशिवाय उठत नाही, एकदा उठली की दिवसभर हाफ सेल्फमध्ये चालू. मिस्त्री म्हणतो इंजिनाला डिझेल देणारा पंप उघडू. काय करू? – एक वाचक, इंदूर

उत्तर : भाऊ, पंपाला आत्ता हात लावू देऊ नका, तो खर्च शेवटचा. उद्या पहाटे मुलाला सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही सायलेन्सरपाशी उभे राहा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाहीये, हीटर प्लग बघा, म्हणजे थंड इंजिन आतून गरम करणारे प्लग. प्लगची वायर काढून मल्टीमीटर लावा, चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. प्लग ठीक असले तर मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, तपासा.

धूरच नाही? मग रात्रीतून लाइनमध्ये हवा धरतेय आणि डिझेल टाकीकडे परत जातंय, जुन्या गाड्यांत हे फार. सेल्फ मारायच्या आधी फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा, लगेच स्टार्ट झाली तर चोर सापडला, पाइपाचे क्लॅम्प आणि फिल्टरचं वॉशर बदला, दोन-चारशेचं काम.

आणि हो, सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी टर्मिनल घासा. इथर, म्हणजे गाडी चालू करायचा तो स्प्रे, मात्र मारू नका, गरम हीटर प्लगवर ते भडकतं.