‘सामाजिक करार’ : करार कोणाचा कोणाशी?

राज्यसत्ता लोकांच्या संमतीने, करारातून उभी राहते हा ‘सामाजिक करारा’चा विचार; हॉब्ज, लॉक आणि रूसो हे १७व्या-१८व्या शतकांतले युरोपीय विचारवंत त्यासाठी ओळखले जातात. प्रश्न असा आहे : ‘हॉब्ज, लॉक आणि रूसो यांच्या मते जनतेने राजाशी करार केला’ हे वाक्य राज्यशास्त्राच्या उत्तरात चालेल का?

नाही. ‘राजाशी’ तिघांच्याही बाबतीत चुकतं. ‘करार’बरोबर येणारा ‘-शी’ समोरच्याला पक्षकार करतो, आणि पक्षकार झाला की त्याच्यावरही अटी आल्या. राजावर अटी कशा घालायच्या, किंवा घालायच्याच नाहीत, हाच तर या सगळ्यांच्या वादाचा गाभा आहे.

हॉब्जपासून पाहू. ‘लेव्हायथन’च्या (१६५१) १७व्या प्रकरणात प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाला सांगतो : स्वतःवर राज्य करण्याचा तुझा हक्क तू या व्यक्तीला किंवा सभेला देत असशील, तर मीही माझा देतो. सार्वभौम, म्हणजे ज्याला हे हक्क मिळाले तो, या देवघेवीत पक्षकार नाहीच. म्हणून १८व्या प्रकरणात हॉब्ज म्हणू शकतो की सार्वभौमाकडून करारभंग होऊच शकत नाही. ‘राजाशी’ लिहिलं की हा युक्तिवादच कोसळतो. राजाने करार मोडला, सबब प्रजा मोकळी, असं म्हणायला वाट मिळते, आणि हॉब्जला बुजवायची होती ती नेमकी हीच वाट. लिहावं असं : ‘लोकांनी आपापसांत करार करून सार्वभौमाला अधिकार दिले.’ अपवाद जिंकून घेतलेल्या राज्याचा (२०वं प्रकरण). तिथे पराभूत माणूस थेट जेत्याला वचन देतो. पण सार्वभौमाचे हक्क तिथेही तेच राहतात.

लॉकच्या शासनावरच्या दुसऱ्या निबंधात (१६८९, मुखपृष्ठावर १६९०) दोन पायऱ्या आहेत आणि त्यांना एकच क्रियापद लावू नये. आधी माणसं एकमेकांच्या संमतीने समाज बनवतात, हा करार. मग तो समाज बहुमताने शासनाचं रूप ठरवून सत्ता सोपवतो, हा विश्वास. शासन इथे विश्वस्त आहे. विश्वस्ताने ठेवीचा गैरवापर केला तर ती काढून घेता येते, त्यासाठी त्याच्याशी सौदा झालेला असावा लागत नाही. शासन मोडलं तरी समाज मोडत नाही, हे लॉक १९व्या प्रकरणात म्हणू शकतो ते याच फरकामुळे. तेव्हा त्याच्याबद्दल ‘सत्ता सोपवली’ लिहा, ‘सत्ता दिली’ नको.

रूसोबाबत शंकेला जागाच नाही. ‘सामाजिक करार’ या १७६२च्या ग्रंथात, तिसऱ्या भागाच्या १६व्या प्रकरणात, शासनाची स्थापना हा करार नव्हे असं तो शीर्षकातच सांगतो. करार एकच : प्रत्येकाने आपले सगळे हक्क संपूर्ण समाजाला देणं. राज्यकर्ते फक्त नेमलेले अधिकारी.

मग ‘राजाशी करार’ आला कुठून? तोही खरा, जुना विचार आहे. जर्मन कायदेपंडित पुफेनडॉर्फ (१६७२) दोन करार मानतो : पहिला लोकांचा आपापसांत, दुसरा राज्यकर्त्याशी, मधे राज्यपद्धतीचा ठराव. आणि जानेवारी १६८९मध्ये इंग्लंडच्या कॉमन्स सभेने (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने) राजा दुसऱ्या जेम्सवर ठपका ठेवला तो राजा आणि प्रजा यांच्यातला मूळ करार मोडल्याचाच. या दोन ठिकाणी ‘-शी’ बिनधास्त वापरा.

‘करारनामा’ मात्र कुठेच नको. त्यातून सही-शिक्क्याचा कागद सूचित होतो. रूसो तर म्हणतो की या कराराची कलमं कदाचित कधी उच्चारलीही गेली नसतील, आणि लॉकच्या मते राज्याच्या हद्दीतल्या रस्त्यावरून नुसतं जाणं हीही मूक संमती ठरते, निदान तिथे असेपर्यंत कायदे पाळण्यापुरती.