गाडी उंच दिसते म्हणून ती घाटाची होत नाही

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमचे घर खानापुरात असून मूळ गाव कणकुंबीच्या बाजूला आहे. घरात सहा माणसे, त्यांत आईवडील सत्तरीपुढचे. नोकरीसाठी रोज बेळगावला ये-जा असते, अधूनमधून सगळे गावी जातो आणि येताना तांदळाचे पोते, काजू असे काहीतरी सोबत असतेच. मुलगा एसयूव्हीच घ्या म्हणतो. हॅचबॅक, सेडान, एसयूव्ही, एमपीव्ही यांतले आमच्या कामाचे काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : यांतली तीन नावे सरळ आहेत. इंजिनाचा एक आणि माणसांचा एक असे दोनच खण असून मागचे दार काचेसकट वर उघडत असेल तर ती हॅचबॅक, डिकीचा तिसरा खण वेगळा असेल तर सेडान, आणि छत उंच ठेवून आत तीन रांगा बसवल्या असतील तर एमपीव्ही. घोळ आहे तो एसयूव्हीचा, कारण त्या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या जातींच्या गाड्या विकल्या जातात. बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा फॉर्च्युनर यांच्या खाली ट्रकसारखी पोलादी चौकट असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असते. ब्रेझा, नेक्सॉन, क्रेटा यांना अशी स्वतंत्र चौकट नसते. बॉडी हाच त्यांचा सांगाडा, म्हणजे रचनेने त्या हॅचबॅकच्याच भावकीतल्या, फक्त उंच केलेल्या आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. हा त्यांचा दोष नव्हे. वजन कमी असल्याने त्या तेल कमी पितात आणि चोर्ल्याच्या वळणांवर चौकटीच्या गाडीपेक्षा कमी झुलतात. मात्र जाहिरातीत दगडावर चढवलेली गाडी पाहून चिखलाचा भरवसा धरू नये.

आपल्याला सहा माणसे न्यायची आहेत आणि या लहान एसयूव्हींत पाचच जागा असतात, त्यामुळे मुलाचा आग्रह बराचसा इथेच निकालात निघतो. (त्याची समजूत घालणे मात्र या सदराच्या आवाक्यातले नाही.) उरतात एर्टिगासारखी एमपीव्ही आणि बोलेरो. एर्टिगाची मागची रांग दोन भागांत दुमडते. एका भागावर नातवंड बसले तरी दुसरा भाग आडवा करून पोते ठेवता येते. बोलेरोत शेवटच्या बाकांवर बाजूला तोंड करून बसावे लागते, आणि घाटात तसे बसलेल्या माणसाला मळमळते, हे वडापच्या जीपने प्रवास केलेल्यांना सांगायला नको.

गाडी ठरवण्याआधी आईवडिलांना शोरूममध्ये अवश्य न्यावे आणि दार उघडून त्यांना सीटच्या कडेवर बसायला सांगावे. बसताना गुडघे फार वाकवावे न लागता दोन्ही पावले जमिनीला टेकली, तर ती उंची योग्य. सेडानमध्ये खाली वाकून उतरावे लागते, बोलेरोत पायरीवर चढावे लागते. एमपीव्हीची सीट बहुधा या दोहोंच्या मधली असते.

एक शंका राहते ती गावच्या शेवटच्या वाटेची. घरापर्यंत डांबरी रस्ता असेल तर एमपीव्हीच घ्यावी. पावसाळ्यात तांबड्या चिखलाचा चढ चढावा लागत असेल तर मात्र बोलेरोचा विचार करावा, कारण तिची मागची चाके ओढतात आणि माणसे व पोते यांचा भार त्याच चाकांवर येऊन पकड वाढते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत भार मागे गेला की पुढची चाके हलकी होऊन जागीच फिरू लागतात. शिवाय माहितीपत्रकातली जमिनीपासूनची उंची बहुधा रिकाम्या गाडीची असते. सहा माणसे बसल्यावर ती कमी होते, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : काही सेडान गाड्यांची डिकी मागून कापल्यासारखी का दिसते?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : कारण ती खरोखरच करासाठी कापलेली असते. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांचे उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आले. त्या मापात बसणारी पहिली सेडान म्हणजे 2008 ची टाटा इंडिगो सीएस. मारुतीची डिझायर आधी 4160 मिलिमीटर लांब होती, ती 2012 मध्ये 3995 झाली आणि डिकी 440 लिटरवरून 316 लिटरवर आली. गाडीची शोभा त्यात गेली, असे आमचे मत आहे. खप मात्र गेला नाही. ही चार मीटरची रेघ जीएसटीतही कायम आहे. सप्टेंबर 2025 पासून तिच्या आतल्या, पेट्रोल 1200 किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर 18 टक्के आणि त्यापुढच्यांवर 40 टक्के कर आहे. वरच्या उत्तरातली एर्टिगा लांबी आणि इंजिन या दोन्हींमुळे 40 टक्क्यांत जाते, तर 3995 मिलिमीटरची बोलेरो 18 टक्क्यांत राहते. खानापूरच्या वाचकांनी हिशेब करताना हेही धरावे.

प्रश्न : लांब छताच्या स्टेशन वॅगन आता का दिसत नाहीत?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : टाटा इस्टेट, बलेनो अल्टुरा, इंडिगो मरिना असे प्रयत्न होऊन गेले, पण सेडानपेक्षा जास्त पैसे मोजून केवळ सामानाची जागा घेणारे गिऱ्हाईक आपल्याकडे फारसे मिळाले नाही. ज्यांना जागा हवी होती, त्यांना त्याबरोबर तिसरी रांगही हवी होती, आणि ती क्वालिस, इनोव्हा यांनी दिली.