फ्रिजमध्येही वाढणारा जंतू

प्रश्न : सहावा महिना चालू आहे. ऑफिसात थंड मांसाच्या कापांचं सँडविच खाल्लं. रात्री मैत्रीण म्हणाली, गरोदरपणात ते चालत नाही. तेव्हापासून झोप उडाली आहे. काय करू?

उत्तर : आधी झोप काढा. ताप नाही, अंग दुखत नाही, तर डॉक्टरही सहसा तपासणी करत नाहीत. फक्त खाल्ल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मैत्रिणीला ज्याची धास्ती आहे तो लिस्टेरिया हा जंतू फार सावकाश डोकं वर काढतो. लक्षणं दिसायला दोन महिनेही लागू शकतात.

तेवढ्या काळात ताप 38 अंशांवर गेला, फ्लूसारखी अंगदुखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. इथेच आपली माणसं हमखास चुकतात. परदेशात परक्या भाषेत बोलायचा संकोच, म्हणून "थोडासा ताप आहे" एवढंच सांगतात आणि पलीकडून आराम करायचा सल्ला मिळतो. कितवा आठवडा, ताप किती, काय खाल्लं आणि कधी, हे कागदावर लिहून सरळ वाचून दाखवा. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तीही सांगा, कारण रक्ताच्या कल्चरसोबत (रक्तात जंतू आहे का ते पाहणारी तपासणी) बहुधा शिरेतून ॲम्पिसिलिन हे पेनिसिलिनच्याच कुळातलं औषध सुरू करतात. आईला साधा फ्लू वाटतो, पण जंतू वारेतून बाळापर्यंत पोचतो. गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, नवजात बाळाला मेंदूज्वर, इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

आणि फ्रिजवर भिस्त ठेवू नका. हा जंतू 4 अंशांतही वाढतो, फ्रीझरमध्येही मरत नाही आणि पदार्थाचा वास, चव जशीच्या तशी राहते. मांसाचे काप खायचेच तर वाफ निघेपर्यंत गरम करा. आतपर्यंत 74 अंश तापले की तो मरतो. कच्च्या दुधाचं मऊ चीज, थंड स्मोक्ड मासे, कच्चे मोड, कापून ठेवलेलं खरबूज सध्या नकोच.

"आम्ही शाकाहारी, आम्हाला काय!" असं कुणी म्हणालं तर 1981 साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात काय झालं ते सांगा. तिथली लिस्टेरियाची साथ कोबीच्या सॅलडमुळे पसरली होती. कोबीच्या शेतात मेंढ्यांचं खत घातलेलं, आणि काढलेला कोबी महिनोन् महिने थंड कोठारात ठेवलेला! आजारी पडलेल्यांत बहुतेक गरोदर बायका आणि नवजात बाळं होती.

बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र तापाची वाट पाहू नका, लगेच फोन लावा.