दोन स्वतंत्र गटांतल्या प्रमाणांची तुलना करायला कोणती चाचणी घ्यावी?

तुमचे आकडे असे आहेत: प्रत्येकी ५० जणांचे दोन गट, एकात ३० जणांना गुण आला, दुसऱ्यात २० जणांना. झेड चाचणी, काय-स्क्वेअर की फिशर, असा प्रश्न आहे.

पहिल्या दोहोंत निवड करत बसू नका, त्या एकच आहेत. हाताने करून बघा. दोन्ही गट मिळून १०० पैकी ५० जणांना गुण आला, त्यावरून फरकाचा स्टँडर्ड एरर (योगायोगाने फरक साधारण किती हलू शकतो त्याचं माप) ०.१ येतो. फरक ०.२, त्याला ०.१ ने भागून झेड २. आता दोन बाय दोनचा तक्ता मांडा. चारही चौकटींत अपेक्षित संख्या (गटांत फरक नसता तर आली असती ती) २५, प्रत्यक्ष संख्या तिच्यापासून ५ ने दूर. पाचाचा वर्ग भागिले २५ म्हणजे १, चार चौकटींचे मिळून ४. म्हणजे झेडचाच वर्ग! दुहेरी पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही योगायोगाने, कुठल्याही दिशेने, एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) दोन्हीकडे ०.०४६.

खरा पेच पुढे आहे. संख्याशास्त्रज्ञ येट्सने १९३४ मध्ये सुचवलेली दुरुस्ती (प्रत्येक चौकटीतला फरक ०.५ ने कमी धरायचा) लावली की हेच ४ उतरून ३.२४ होतात आणि पी-व्हॅल्यू ०.०७२ वर, म्हणजे ०.०५ च्या नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाते. फिशरची अचूक चाचणीही साधारण तिथेच नेते. (आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन बाय दोन तक्त्यावर काय-स्क्वेअर चालवलं की ही दुरुस्ती आपोआप लागते, ती मुद्दाम बंद करावी लागते. सॉफ्टवेअर बदललं की उत्तर बदलतं ते बहुधा यामुळेच.)

फिशर तक्त्याच्या आडव्या-उभ्या सगळ्या बेरजा ठरलेल्या धरतो. तुमच्या अभ्यासात गटांचे आकार ठरलेले होते, पण एकूण किती जणांना गुण येईल हे ठरलेलं नव्हतं. म्हणून इथे तो गरजेपेक्षा जास्त सावध राहतो. अपेक्षित संख्या २५ असताना मी दुरुस्तीविना काय-स्क्वेअर घेईन. एखाद्या चौकटीत अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेली तर मात्र फिशर. लक्षात घ्या, अपेक्षित संख्या बघायची, प्रत्यक्ष नव्हे. आणि हा निर्णय आकडे हातात येण्याआधी व्हायला हवा. ०.०४६ आवडली म्हणून ती चाचणी निवडली, असं कदापि करू नका.

पी-व्हॅल्यूपेक्षाही ९५ टक्के विश्वास अंतराल (खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकेल तो) आधी लिहा. इथे ६० आणि ४० टक्क्यांमधला २० चा फरक खरं तर ०.८ पासून ३९.२ पर्यंत कुठेही असू शकतो. जवळजवळ काहीच उपयोग नाही इथपासून प्रचंड उपयोग आहे इथपर्यंत सगळं त्यात बसतं. ५० जणांच्या गटांतून याहून नेमकं काही निघणार नाही.

हे सगळं गट खरोखर वेगळे असतील तरच लागू. तीच माणसं उपचाराआधी आणि नंतर तपासली असतील तर मॅकनेमार चाचणी घ्या.